एकशे ऐंशी ग्रॅम

डेपोत तिला ग्रॅमताई हे नाव मीच ठेवलं. मी बसचे टायर बघायचो, ती पलीकडे गिअरबॉक्स विभागात. मध्ये फक्त जाळी. अकरा वर्षं त्या जाळीतून मी तिला काम करताना पाहिलं आहे.

तिचे वडील लेथवर होते. लोखंडाचा तुकडा हातात आला की तो कुठल्या बाजूला जड आहे, हे तिला परकर-पोलक्याच्या वयापासून कळायचं. डेपोत लागली तेव्हा फोरमननं पहिले आठ महिने तिला रॉकेलच्या टबात गिअर धुवायला बसवलं. बाई कंटाळून निघून जाईल, असा त्याचा होरा. ती गेली नाही. उलट एक दिवस कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानातला वजनकाटा घेऊन आली आणि धुतलेला प्रत्येक गिअर तोलून वहीत मांडायला लागली. टबाच्या तळाचा लोखंडी चुरासुद्धा तोलायची.

"हे कशाला?" फोरमननं विचारलं.

"कुठला गिअर किती झिजतोय ते बघतेय."

"अगं, बसमध्ये सत्तर माणसं चढतात. त्यातला एक जण पोटभर जेवून आला तरी तुझे ग्रॅम पाण्यात!"

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. पण वर्षभरात, कुठला गिअरबॉक्स आधी मान टाकणार हे ती तो उघडायच्या आधी सांगायला लागली, आणि तिला विचारल्याशिवाय फोरमन सही करेनासा झाला.

लग्न झालं ते एका शाळामास्तरांशी. मऊ स्वभावाचे, खिशात कायम खडूचे तुकडे. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणायचो. ती 'अहो मास्तर' म्हणायची, तेही चारचौघांत. मास्तरांची धाकटी बहीण म्हणजे बारकी. नाव बारकी, पण दारातून येताना डोकं वाकवावं लागेल एवढी उंच. आठवडाभर पाण्याचा टँकर चालवायची आणि रविवारी शहराबाहेरच्या मातीच्या ट्रॅकवर रेसची गाडी. ट्रॅक लंबगोल, वळणं चिखल-धुळीची, गाड्या जुन्या सांगाड्यांतून उभ्या केलेल्या. बारकी चांगली चालवायची. पण आठवी, नाहीतर नववी यायची.

नवी भावजय पहिल्यांदा ट्रॅकवर गेली तेव्हा बारकी इंजिनाच्या नावानं बोटं मोडत होती. वहिनीनं काही न बोलता मागची चाकं जॅकवर उचलली, गिअर मोकळा केला आणि एक चाक हातानं जोरात फिरवलं. चाक दीड फेरा फिरलं आणि थांबलं.

"इंजिनाला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "तुझी ताकद वाटेतच मुरतेय."

नणंद-भावजयीचं तिथून जे जमलं ते जमलंच. मास्तर म्हणायचे, "माझ्या घरात दोन बायका आहेत आणि दोघींना माझ्यापेक्षा गिअरबॉक्स जवळचा आहे." मला त्यांनी टायरसाठी ओढलं. माझी पिकअप होती. तिच्यामागे बांधून रेसची गाडी ट्रॅकवर न्यायची, हेही माझ्याच गळ्यात पडलं. गाडीतला गिअरबॉक्सही योगायोगानं माझ्याच पिकअपच्या जातीचा, भंगारातून आणलेला.

त्या गिअरबॉक्सवर ती दोन वर्षं लागली. ट्रॅकवर एकदा वेग धरला की सगळी रेस वरच्या गिअरमध्येच होते. वरच्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद सरळ आरपार जाते. खालचा शाफ्ट मात्र आपले सगळे गिअर घेऊन उगाचच तेलात घुसळत राहतो. तिनं आधी नको असलेले गिअर काढले. मग एक सरकती खाच बसवून असं केलं, की गाडी सुटली की खालचा शाफ्ट जागच्या जागी थांबावा. जाड तेलाच्या जागी पातळ तेल आलं, तेही मोजून. ब्रेकचे लाइनर चाकाला घासत होते ते सोडवले. मागच्या अॅक्सलचं बेअरिंग कुणीतरी आवळून ठेवलं होतं. दोरी आणि स्प्रिंगचा काटा लावून, किती ओढल्यावर फिरतं ते मोजत तिनं ते हवं तेवढंच सैल केलं. चौतीस किलोचा गिअरबॉक्स साडेएकवीस किलोवर आला. दीड फेरा फिरणारं चाक सात फेरे फिरायला लागलं.

"गाडीत नुसतं बसलेलं वजन वेगळं," ती मला समजवायची. "फिरणारं वजन दर वळणावर नव्यानं फिरवावं लागतं. ते कमी केलं की बारकी वळणातून आधी सुटते."

आणि बारकी सुटायला लागली. पाचवी, तिसरी, मग दुसरी. तिसऱ्या वर्षी शेवटच्या रविवारी फक्त दोघांत हंगामाचा निकाल राहिला होता: बारकी आणि दाढीवाला. दाढीवाला गॅरेजवाला, गेली तीन वर्षं विजेता. दोघांचे गुण सारखे. फायनलमध्ये जो पुढे, हंगाम त्याचा.

सकाळच्या फेरीत बारकी पहिली आली. आम्ही हवेत होतो. फायनल चार वाजता. दोन-सव्वादोनला ग्रॅमताई नेहमीसारखी गाडीखाली सरकली. मी शेजारी टायरची हवा बघत होतो. तिचे पाय दिसत होते, ते हलत होते. मग हलायचे थांबले.

"दादा," ती आतून म्हणाली, "मास्तरांना बोलवा. खडू घेऊन."

मास्तर रेस कधीच बघत नसत. ट्रॅककडे पाठ करून पिकअपच्या आडोशाला वर्तमानपत्र धरून बसायचे, आणि बहुतेक वेळा ते उलटं असायचं. ते धावत आले. तिनं खडू कुटून पूड करायला लावली. मी वाकून बघितलं. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक फ्लँज असतो, म्हणजे ताटलीसारखी लोखंडी चकती. तिलाच मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट बोल्टनं जोडलेला असतो. इंजिनाची सगळी ताकद त्या चकतीतून जाते. तिनं फ्लँज रॉकेलनं पुसला, कोरडा केला आणि वर खडूची पूड फुंकली. पांढरा थर बसला. आम्ही तिघं बघत राहिलो.

दोन मिनिटांत पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली. केसाएवढी. एका भोकापासून निघून शेजारच्या बोल्टपर्यंत गेलेली. तड्यात शिरलेलं रॉकेल खडूनं बाहेर ओढलं होतं.

"तडा आहे," मास्तर हळूच म्हणाले. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण रेघ ती रेघ.

ग्रॅमताई गाडीखालून बाहेर आली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. फ्लँजला चार बोल्ट असतात, त्यांची भोकं कारखान्यातूनच येतात. त्या चारांच्या मध्ये आणखी चार भोकं तिनं स्वतः पाडली होती, वजन कमी करायला. तडा तिच्याच भोकापासून निघाला होता.

बारकी हेल्मेट घेऊन आली. "काय झालं? सगळे मयताला आल्यासारखे काय उभे आहात?"

वहिनीनं सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही.

बारकीनं वाकून ती रेघ बघितली. मग म्हणाली, "पंचवीस फेऱ्या टिकेल?"

"माहीत नाही."

"अंदाज सांग."

"अंदाजावर तुला बसवणार नाही. तो शाफ्ट तुझ्या सीटखालून जातो. एक वीत अंतर आहे. तुटला तर पत्रा फाडून वर येईल."

"सकाळी टिकलाच ना?"

"टिकला म्हणूनच भीती वाटतेय."

बारकीचा आवाज चढला. "सहा वर्षं, वहिनी! सहा वर्षं मी टँकरच्या पाइपात हात घालून इथे येतेय. आज नाही तर कधी? त्या भोकांनी किती वजन वाचलं होतं?"

ग्रॅमताईनं खाली बघितलं. "एकशे ऐंशी ग्रॅम."

"म्हणजे माझी एक चप्पल."

"हो. आणि फ्लँज लहान, मधोमध फिरणारा. तिथलं वजन काढून फारसा फायदा होत नाही, हे मला माहीत होतं. हात थांबला नाही माझा. भोकांच्या आतल्या धारा कानशीनं मोडायला हव्या होत्या, त्याही एका बाजूला राहिल्या. चूक माझी आहे, बारके. सरळ सांगते."

बारकीनं हेल्मेट गाडीच्या बॉनेटवर आपटलं आणि पाठ फिरवून उभी राहिली.

दुसरा फ्लँज नव्हता. रविवार, दुकानं बंद, डेपोला कुलूप. अडीच वाजून गेले होते. ग्रॅमताईनं इकडेतिकडे बघितलं आणि तिची नजर माझ्या पिकअपवर थांबली.

मला लगेच कळलं. मी लगेच हो म्हणालो असं मला सांगता आलं असतं, पण ते खोटं होईल. त्या पिकअपवर डेपोतून सुटल्यावर माझी संध्याकाळची मालाची फेरी चालायची, दुसऱ्या दिवशी पहाटे माल उचलायचा होता.

"ताई, घरी कसं जायचं?"

"ढकलत," ती म्हणाली. हसली नाही.

मी किल्ली दिली.

पिकअपचा फ्लँज पंधरा वर्षांत कुणी हलवला नव्हता. मधला नट गंजून एकजीव झालेला. ती चिखलात उताणी पडली, मी पान्याला पाइप अडकवून जोर लावला. नट हलेना. मास्तर ब्रेकवर पाय देऊन बसले. तीन वाजता ट्रॅकवरच्या झेंडेवाल्यानं भोंग्यावरून ओरडून सांगितलं की पाऊण तासात गाड्या रांगेत हव्यात, उशीर झाला तर फेरीबाहेर. मी पुन्हा जोर लावला. पाइप निसटला आणि पाना तिच्या बोटांवर बसला. हाड वाजल्याचा आवाज मी ऐकला. तिनं फक्त दात दाबून श्वास घेतला आणि डाव्या हातात पाना घेतला.

"थांब," मागून आवाज आला. बारकी होती. तिनं मला बाजूला केलं, पाइप धरला आणि टँकरची झाकणं उघडणाऱ्या त्या हातांनी सगळा राग त्यात ओतला. नट किंचाळला आणि सुटला. बारकी पाइप टाकून पुन्हा लांब जाऊन उभी राहिली.

पिकअपचा फ्लँज निघाला. तो खडूनं तपासला: स्वच्छ. मग ग्रॅमताई एकदम उठली.

"कुठे?" मी विचारलं. "अजून बसवायचाय!"

"दाढीवाल्याकडे. मागच्या महिन्यात त्यानं आपला फ्लँज बघितला होता. त्यानंही भोकं पाडली आहेत."

"तुला वेळ आहे का आत्ता?"

"नाही," ती म्हणाली आणि गेली. मी मागे गेलो.

दाढीवाला खुर्ची टाकून सरबत पीत होता. तिनं सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू हसू येत होतं.

"ग्रॅमताई, फायनलच्या तासभर आधी मी गाडी उघडावी? चांगली युक्ती आहे."

"युक्ती असती तर माझी गाडी का उघडी पडली असती? जाऊन बघा."

"आणि ठीक निघाला तर?"

"तर तुमचं नशीब. उघडायची गरज नाही. खडू लावू द्या. पाच मिनिटं."

तेव्हा त्याचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. दोन बोटं काळीनिळी होऊन सुजली होती, रक्त मनगटापर्यंत आलं होतं. तो उठला. स्वतःच गाडीखाली सरकला. पूड फुंकली, थांबला. आम्हीही थांबलो. रेघ उमटली नाही. त्यानं पुन्हा एकदा लावून बघितलं, तरी नाही.

"माझा ठीक आहे," तो बाहेर येऊन म्हणाला. आवाजातली मस्करी गेली होती.

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि आम्ही पळत परत आलो.

तडा गेलेला काढून पिकअपचा फ्लँज बसवायला वीस मिनिटं लागली. मोडलेल्या बोटांनी बोल्ट धरता येईना. ती सांगायची, मी धरायचो. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा बाकी गाड्या रांगेत निघाल्या होत्या. बारकी सीटवर बसली. वहिनीनं खिडकीतून पट्टा आवळून दिला. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"वरच्या वेगात थोडी थरथर येईल," वहिनी म्हणाली. "फ्लँज तोललेला नाही. घाबरू नकोस."

बारकीनं हेल्मेटची काच खाली ओढली.

पंचवीस फेऱ्या म्हणजे सगळी मिळून दहा मिनिटं. ती दहा मिनिटं मला आजही आठवतात. बारकी सुरुवातीलाच पुढे गेली. दाढीवाला तिच्या मागे चिकटून. दर वळणावर ग्रॅमताई डोळे मिटून घ्यायची आणि कान द्यायची. सातव्या फेरीत तिनं माझं मनगट पकडलं.

"ऐकलंत?"

"काय?"

"गुणगुण. सरळ रस्त्यावर. माझ्याच फ्लँजची असेल ना? तोललेला नाही म्हणून?"

मला वीस इंजिनांच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं. "तीच असेल," मी म्हणालो. तिनं मनगट सोडलं नाही.

अठराव्या फेरीपर्यंत बारकी पुढे होती. एकोणिसाव्या फेरीत दुसऱ्या वळणावर तिची गाडी जराशी बाहेर गेली, हातभरच, आणि दाढीवाला आतून निघून गेला. पुढच्या सहा फेऱ्या बारकी त्याच्या बंपरला नाक लावून होती. पुढे काही जाता आलं नाही. झेंडा पडला तेव्हा दोघांत गाडीभर अंतर होतं.

हंगाम दाढीवाल्याचा. ग्रॅमताईनं पाडलेल्या भोकांसारखीच भोकं पाडलेल्या फ्लँजवर त्यानं तो जिंकला.

बारकी गाडीतून उतरली. "बघितलंस?" एवढंच म्हणाली. "त्याचा टिकला." मग ती मास्तरांच्या खांद्यावर डोकं टेकवून रडली, आणि मास्तर वाकडी मान करून तिला थोपटत राहिले. ग्रॅमताई दूर उभी होती. मोडलेली बोटं दुसऱ्या हातात धरून. त्या दिवशी आम्हाला घरी दाढीवाल्याच्या ट्रकनं ओढत नेलं. 

तीन दिवस बारकीनं वहिनीशी अबोला धरला. दोघी एकाच घरात. मास्तर म्हणाले, "मी निरोप पोचवायचं काम करतोय. मीठ मागायचं तरी माझ्यामार्फत."

बुधवारी दुपारी बारकीचा टँकर डेपोच्या फाटकात उभा राहिला. ती सरळ गिअरबॉक्स विभागात आली. ग्रॅमताईच्या दोन बोटांना प्लास्टर होतं; टेबलावर तोच तडा गेलेला फ्लँज होता.

"मला बघायचंय," बारकी म्हणाली. "खरंच तुटला असता का."

ग्रॅमताईनं तो टेबलावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि हातोडा तिच्याकडे दिला. "तू मार."

बारकीनं मारला. फ्लँज खणकला, तुटला नाही. तिनं वहिनीकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मला जाळीपलीकडूनही कळलं. मी मनात म्हटलं, आता संपलं सगळं. बारकीनं दुसरा घाव घातला. फ्लँजचा चतकोर तुकडा जाळीवरून उडून माझ्या टायरांच्या ढिगात येऊन पडला.

मी तो उचलून पलीकडे नेऊन दिला. ग्रॅमताईनं तो खिडकीच्या उजेडात धरला. तुटलेल्या कडेची एक पट्टी चकचकीत होती, ताज्या लोखंडाची. उरलेली सगळी कड तेलानं काळी.

"चकचकीत आहे ते आत्ता तुटलं," ती म्हणाली. "काळं आहे ते आधीच सुटलेलं होतं. कित्येक आठवडे."

काळा भाग तीन चतुर्थांश तरी होता. बारकीनं त्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे रविवारी सकाळी मी…"

"हो. एवढ्याशा चकचकीत पट्टीवर."

बारकी जवळच्या खोक्यावर बसली. बराच वेळ बसून राहिली. फोरमन काहीतरी विचारायला आला आणि न विचारता परत गेला. शेवटी ती म्हणाली, "माझ्यावर चिडली नाहीस तू. मी एवढं बोलले तरी."

"चिडले असते," वहिनी म्हणाली, "पण चूक माझी होती. चूक नसती तर तुला चांगलीच फैलावर घेतली असती."

बारकी हसली, नाक पुसत. मग उठून म्हणाली, "टँकर फाटकात आडवा लावलाय, बस अडकल्या असतील," आणि गेली. बस खरंच अडकल्या होत्या. तीन.

पुढच्या आठवड्यात दाढीवाला डेपोत आला. त्यानं आपला फ्लँज काढून एका जुन्या शर्टात गुंडाळून आणला होता. त्या दिवशी तडा नव्हता, तरी त्याला झोप येत नव्हती म्हणाला. ग्रॅमताईनं बघितलं आणि सांगितलं, भोकांसकट तो पुन्हा लावू नका. त्यानं वाद घातला नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "ताई, तुमच्या जागी मी असतो तर सांगायला आलो नसतो." ती फक्त "चहा घेऊन जा," म्हणाली.

पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आधी तिनं गिअरबॉक्स पुन्हा उघडला. काही ठिकाणी लोखंड परत घातलं, गिअरबॉक्स सातशे ग्रॅमनं जड झाला. तिला त्याचं वाईट वाटलं, हे मी बघितलं. पण तेल, बेअरिंग आणि ब्रेकच्या मागे ती आणखी दोन महिने लागली, आणि चाक हातानं नऊ फेरे फिरायला लागलं. बारकीनं त्या वर्षी पाच रेस जिंकल्या. हंगाम मात्र तिसऱ्याच कुणीतरी नेला, एका नव्या पोरीनं, जिचं नावही आम्ही तोवर ऐकलं नव्हतं.

बोटं नीट जुळली नाहीत. उजव्या हाताची दोन बोटं थंडीत आखडतात, लहान नट पकडताना ती डावा हात पुढे करते. ट्रॅकवर आता रेसच्या आधी तास-दीड तास तिच्याभोवती चार-पाच गाडीवाले तरी असतात, आपापले फ्लँज, शाफ्ट, गिअर घेऊन. ती प्रत्येकाचा बघते. मास्तर पूड कुटून देतात, आणि त्यामुळे त्यांना ट्रॅककडे तोंड करून बसावं लागतं.